वैद्यांची जहागीर आणि अधिकाऱ्यांचा निरोप

राजाश्रयाने रोग्यांची सेवा करणाऱ्या माणसाच्या पश्चात राज्याने काय द्यावे, या प्रश्नाचा विचार आपल्या प्रांतात इंग्रजी अंमलाच्या पूर्वीच झालेला होता. पेशव्यांच्या रोजनिशांना न्यायमूर्ती रानड्यांनी जी प्रस्तावना लिहिली, तीत साताऱ्याजवळील वाईस औषधी वनस्पतींची बाग केल्याचा उल्लेख आहे. आणि त्याच ओघात नाशिकास गोरगरिबांना विनामूल्य औषध देणाऱ्या एका गुजराती वैद्याची हकीकत येते, की त्याच्याकडील जहागीर सरकारने मुलाकडे चालविली, ती तो मुलगाही बापाच्याच योग्यतेचा असून हे धर्मकार्य पुढे नेईल अशी खात्री पटली म्हणून. मला हा दाखला फार मोलाचा वाटतो, कारण यात देणे सेवेला बांधलेले आहे, आणि सेवा खंडित झाली तर देण्याचा आधारच नाहीसा होतो.

१८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले, १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने दक्षिण महाराष्ट्रातील सनदा तपासावयास घेतल्या, आणि पुढे जातइनामेही कायद्याने संपली. त्यांच्या जागी पगार आणि निवृत्तिवेतन आले. सरकारी नोकरीबाहेरच्या सेवेची दखल पदवीनेही घेतली गेली: मिरजेस १८९४ मध्ये रुग्णालय सुरू करणारे डॉक्टर विल्यम वानलेस १९२८ साली निवृत्त झाले, तेव्हा ब्रिटिश सरकारने त्यांना 'सर' ही पदवी दिली.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचा निरोपही नियमांत बसला. त्याचे सेवापुस्तक पहिल्या नेमणुकीपासून पडताळले जाते, ना-देय दाखला घेतला जातो, आणि उपदान प्रत्येक पूर्ण सहामाहीस वेतनाच्या चौथ्या हिश्श्याने, जास्तीत जास्त साडेसोळा पट, मोजले जाते. शिवाय एकूण रकमेवर शासनाची कमाल मर्यादा आहेच. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांस मात्र अंशदायी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. याउलट इंग्लंडात २०१३ च्या आरोग्यव्यवस्थेच्या पुनर्रचनेत हजारो कर्मचाऱ्यांस, आणि त्यांत वरिष्ठ अधिकाऱ्यांसही, भरपाई देऊन कमी केले गेले, व त्यांतील कित्येक पुन्हा त्याच व्यवस्थेत कामावर घेतले गेले. असा व्यवहार आपल्या नियमांच्या चौकटीत बसत नाही, आणि तो बसू नये हेच योग्य.

परंतु ही चौकट ज्यांच्यासाठी उभीच राहिली नाही, अशी माणसेही याच प्रांतात आहेत. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी परिचारिका आणि औषधनिर्माते सातारा-सांगलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत वर्षानुवर्षे राबतात, आणि त्यांस सेवानिवृत्तिवेतनाचा हक्क नाही. वैद्याच्या सेवेची दखल घेऊन त्याच्या मुलाचीही पारख करणाऱ्या या प्रांताने या माणसांचा हिशेब प्रथम चुकता करावा, अशी माझी शासनास विनंती आहे.