फोटोमागचं नाव

नातीने यंदा वाढदिवसाला कॅमेरा मागितला आणि मला होमाई व्यारावाला आठवल्या. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार.

इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. कबूतर सोडणाऱ्या पंडित नेहरूंचा फोटो वर्गात कितीदा दाखवला असेल! पण तो काढला कुणी, हे ना मुलांनी विचारलं, ना मी कधी शोधलं. निवृत्तीनंतर वाचनात आलं, की तो होमाईंचा. वाचून ओशाळायला झालं.

होमाईंचा जन्म १९१३ चा, नवसारीच्या पारशी घरातला. वडील फिरत्या उर्दू-पारशी नाटक कंपनीत नट, त्यामुळे बालपण गावोगावच्या मुक्कामात गेलं. पुढे मुंबईला आल्या. मुलीने मॅट्रिक होणं हेच अप्रूप होतं त्या काळी. या मुंबई विद्यापीठात शिकल्या आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही गेल्या. कॅमेरा शिकवला तो माणेकशा व्यारावाला यांनी, म्हणजे पुढे झालेल्या त्यांच्या यजमानांनी. कॅमेराही त्यांचाच. पण नजर मात्र जे. जे. मध्ये तयार झाली असावी असं मला वाटतं. वर्गमैत्रीण रेहाना मोगल हिचे त्यांनी काढलेले फोटो पाहा. स्टुडिओत ताठ बसवलेली बाई नाही ती, आपल्याच तंद्रीतली मोकळी मुलगी आहे.

१९३८ मध्ये 'बॉम्बे क्रॉनिकल'ने त्यांचे फोटो छापले. विषय काय, तर बायकांची सहल! मोबदला फोटोमागे एक रुपया. मग 'इलस्ट्रेटेड वीकली'त मुंबईचं रोजचं जगणं येऊ लागलं. पण सुरुवातीला नाव छापलं जाई माणेकशांचं. होमाईंना कोण ओळखत होतं, आणि त्यातून बाई! त्यांनीच एका ठिकाणी सांगितलंय, की ही बाई उगाच कॅमेरा घेऊन मिरवतेय असं लोकांना वाटे, आणि त्यामुळे काम निर्वेध व्हायचं. १९४२ मध्ये ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीसाठी दोघं दिल्लीला गेली. तिथे साडी नेसून, सायकलवर कॅमेऱ्याचं ओझं घेऊन त्या हिंडल्या आणि स्वातंत्र्याचा सगळा काळ टिपला. १९७० मध्ये काम थांबवलं. पद्मविभूषण मिळालं २०११ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी. पुढच्याच जानेवारीत त्या गेल्या.

आता एक कबुली देते. शाळेच्या एका सहलीत नववीतल्या एका मुलीने माझ्याकडे कॅमेरा मागितला होता. "अगं, पडेल तुझ्या हातून," म्हणत मी तो शेजारच्या मुलाला दिला. फोटो छान आले, म्हणून माझी चूक कळायला मला इतकी वर्षं लागली. स्वतः बाई असून मी असं वागले. ती मुलगी आता कुठे आहे, ठाऊक नाही.

असो. नातीला कॅमेरा घेऊन दिलाय. तिने पहिला फोटो काढला आमच्या अंगणातल्या तुळशीचा, तोही जरा तिरकाच. मी तो मुद्दाम छापून आणला आणि मागे तिच्याच हाताने तिचं नाव आणि तारीख लिहून घेतली.