कुरणापर्यंत गेलेली शाळा : कोसबाडच्या ग्राम बाल शिक्षा केंद्राची वाटचाल

कोसबाडच्या कार्याचे मूळ डहाणूच्या जंगलपट्टीत नाही, सौराष्ट्रातील भावनगरात आहे. तेथील दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचे प्रयोग आरंभले आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाई १९१४ च्या पदवीधर. राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषवले होते. ते मानाचे पद सोडून त्या बालशिक्षणाकडे वळल्या. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून त्यांनी मॉन्टेसरी पद्धतीचा विचार मराठी पालकांपर्यंत नेला. पुढे १९३६ साली मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू झाला आणि नावारूपालाही आला. मात्र तेथे येणारी मुले शहरी, सुस्थितीतील घरांची होती. मॉन्टेसरीची लाकडी साधने महाग होती, ती खेड्यातील शाळेला परवडणारी नव्हती. बालशिक्षणाची सर्वांत अधिक गरज ज्यांना होती, ती मुले या वर्तुळाच्या बाहेरच राहिली होती.

१९४५ च्या जानेवारीत सेवाग्राम येथे गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणविचाराची व्याप्ती वाढवून तिच्यात पूर्वबुनियादी शिक्षणाचाही विचार झाला. त्याच वर्षी ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. आचार्य भिसे यांच्या शैक्षणिक कार्यामुळे बोर्डीत या कामाला अनुकूल भूमी आधीच तयार झाली होती.

या परिसराच्या इतिहासात १९४५ हे साल आणखी एका कारणाने कोरले गेले आहे. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतील वारली पिढ्यान्‌पिढ्या जमीनदार आणि सावकारांच्या जमिनीवर वेठ करीत होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही जन्मभर लग्नगडी म्हणून राबत. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने त्या वर्षी वेठीविरुद्ध आवाज उठवला आणि दिवसाला बारा आणे मजुरीची मागणी पाड्यापाड्यांवर पोहोचली. ऑक्टोबरात तलवाडा येथे जमावावर गोळीबार झाला. लढ्याचे आणि शिक्षणाचे हे दोन प्रवाह वेगळ्या विचारांचे होते, त्यांचे मार्गही वेगळे होते. तरीही शिक्षणाच्या इतिहासात या लढ्याचे ऋण नोंदवणे अगत्याचे आहे. ज्या बापाचा दिवस मालकाकडे गहाण पडलेला, त्याच्या मुलाला शाळेसाठी वेळ कोठून मिळणार?

बोर्डीत ताराबाईंना लौकरच एक गोष्ट उमगली. गावात बालवाडी उघडली तरी वस्तीतील मुले तिच्याकडे येत नाहीत. तेव्हा मध्यवर्ती बालवाडीबरोबर अंगणवाडीचा प्रयोग सुरू झाला. शिक्षिका स्वतः वस्तीत जाई आणि कोणाच्या तरी अंगणात मुलांना जमवी. नखे कापणे, अंघोळ घालणे, केस विंचरणे, खरूज-नायट्यावर औषध लावणे हाच बहुतेक वेळा पहिला पाठ असे. आयांचा विश्वास बसला तो या पाठामुळे. महागड्या साधनांची जागा शिंपले, गारगोट्या, चिंचोके, पाने आणि मातीने घेतली. मॉन्टेसरींचा विचार कायम ठेवून त्याचे साहित्य भोवतालच्या रानातून आणि किनाऱ्यावरून उभे करणे, हे या केंद्राने शिक्षणशास्त्राला दिलेले मोठे देणे होय.

या कामात ताराबाईंना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. १९१० साली जन्मलेल्या अनुताईंना बालवयातच वैधव्य आले होते. शिक्षणाच्या आधाराने त्या उभ्या राहिल्या आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. मुंबईजवळ बोरिवली येथे भरलेल्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी भेट झाली आणि पुण्यातील स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या. ताराबाईंची कल्पकता आणि अनुताईंची पाड्यावर रुजण्याची ताकद या दोहोंवर पुढची सारी उभारणी झाली. काम सांभाळून स्वतःचे शिक्षणही अनुताईंनी चालू ठेवले आणि पन्नाशी उलटल्यावर, १९६१ साली, त्या पदवीधर झाल्या.

बोर्डीतून डोंगराकडील वारली पाडे दूरच राहत होते. म्हणून १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलवण्यात आले. खरी कसोटी येथून पुढे लागली. टेकडीवर शाळा उघडली, परंतु मुले आली नाहीत. अनोळखी माणूस दिसला की ती झाडीत पळून जात. आणून बसवली तरी दुसऱ्या दिवशी येतीलच याची खात्री नसे. आईबाप शिक्षणाचे शत्रू मुळीच नव्हते. सहा-सात वर्षांचा मुलगा गुरे राखत होता, त्याच वयाची मुलगी पाठच्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळत होती, आणि या दोघांच्या कामावर घराची चूल अवलंबून होती. शिवाय शाळेची भाषा पुस्तकी मराठी, तर मुलाच्या तोंडी वारली. अशा वेळी ‘या लोकांना शिक्षणाची आवडच नाही’ असा शेरा मारून मोकळे होणे सोपे होते आणि त्या काळी अनेकांनी तो मारलाही. कोसबाडने उलट प्रश्न विचारला. मुलगा शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेने कोठे जायचे?

त्यातून कुरणशाळा जन्माला आली. सकाळी गुराखी मुले जनावरे घेऊन निघाली की शिक्षक त्यांच्यामागून कुरणावर जात. गुरे चरायला सोडली की झाडाखाली वर्ग भरे. मोजायला खडे आणि बिया होत्या, अक्षरे गिरवायला जमीन होती. पक्ष्यांची घरटी, गवताच्या जाती आणि ढगांची दिशा या विषयांत विद्यार्थीच पुष्कळदा शिक्षकांहून जाणते ठरत आणि ते ज्ञान धड्यात सामावून घेतले जाई. मध्येच एखादे जनावर कोणाच्या शेतात शिरले तर मुलगा उठून पळे, त्याला वळवून आणी आणि परत पाठावर बसे. त्यासाठी शिक्षा नव्हती. शाळा म्हणजे इमारत, घंटा आणि हजेरीपट ही समजूत कुरणशाळेने मोडून काढली. भारतीय शिक्षणाच्या इतिहासात या प्रयोगाला आजवर मिळाले त्याहून मोठे स्थान मिळायला हवे.

मुलींचा प्रश्न याहून अवघड होता. थोरली बहीण शाळेत यायची तर धाकट्याचे काय करायचे? कडेवरच्या बाळासह तिला यायची मुभा देण्यात आली आणि बाळासाठी पाळणाघर उघडले गेले. चालू लागलेल्या मुलासाठी बालवाडी आणि बहिणीसाठी प्राथमिक वर्ग. तीन वयांची भावंडे सकाळी एकत्र निघत आणि एकाच आवारात दिवस काढत. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची ही सांगड ‘विकासवाडी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. लहान मुले वाढताना थोरल्या मुली जवळून पाहत, बाळाचे खाणे आणि स्वच्छता शिकत आणि ते सारे घरी नेत. कुटुंबापर्यंत पोहोचण्याची ही वाट कोणत्याही व्याख्यानापेक्षा जवळची ठरली. याशिवाय रात्रीही वर्ग भरत आणि दिवसभर मजुरी करून आलेली तरुण मुले त्यांना येऊन बसत.

या उभारणीला असंख्य हात लागले. येथे तयार झालेल्या बालसेविका चिखल-पाऊस तुडवत पाड्यांवर जात. त्यांतील बहुतेकींची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. अंगण सारवून देणाऱ्या आया आणि मुलांना हाताला धरून आणणारे आजे यांचाही वाटा त्यात आहे. पैशाची चणचण तर कायमची पाहुणी होती. अनुदान लांबे तेव्हा कार्यकर्त्यांनी पदरमोड केली, पण बालवाडीतील मुलांची अंघोळ आणि खाऊ थांबू दिला नाही.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवण्यात आले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. या योजनेची देशभर पसरलेली केंद्रे अंगणवाडी याच नावाने चालतात. वस्तीच्या अंगणात आहार, आरोग्य आणि शिक्षण एकत्र देण्याची जी रीत बोर्डी-कोसबाडने तीस वर्षे आधी आचरली होती, ती राष्ट्रीय पातळीवर गेल्याचे पाहणे ताराबाईंच्या नशिबी नव्हते.

केंद्राची धुरा आता अनुताईंवर आली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात त्यांनी या साऱ्या प्रवासाची हकीकत लिहिली. १९८० नंतरच्या दशकात प्रा. रमेश पानसे यांच्यासह त्यांनी डहाणू तालुक्यातच ‘ग्राममंगल’ची पायाभरणी केली आणि कोसबाडच्या विचाराला दुसरे घर मिळाले. १९८५ साली त्या पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी याच जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. जवळजवळ चार तपे आदिवासी बालकांसाठी झटणाऱ्या या भागाला ती घटना जिव्हारी लागणारी होती. एका टेकडीवरचे काम सगळ्या डोंगररांगेला पुरे पडत नाही, हे तिने कठोरपणे दाखवून दिले. तरीही केंद्राचे काम थांबले नाही. सिंधुताई अंबिके यांच्यासारख्या निष्ठावंत सहकाऱ्यांनी अनुताईंच्या पश्चात टेकडीवरील कार्य नेटाने पुढे नेले.

१ ऑगस्ट २०१४ पासून कोसबाड नव्या पालघर जिल्ह्यात आले आणि नूतन बाल शिक्षण संघ आता आपल्या शंभराव्या वर्षाच्या टप्प्यावर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने वयाच्या तिसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंतचा काळ हा शिक्षणाचा एकसंध पायाभूत टप्पा मानला. बालवाडी आणि पहिली-दुसरी यांच्यामधली भिंत विकासवाडीने कैक दशकांपूर्वीच काढून टाकली होती. दरम्यान भातकापणी आटोपली की पाड्यांवरची कितीतरी कुटुंबे आजही मुलाबाळांसह वीटभट्ट्यांची वाट धरतात. विधायक संसद या संस्थेने याच पट्ट्यात भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. भट्टीपर्यंत जाणारी शाळा आणि कुरणापर्यंत गेलेली शाळा यांची जात एकच आहे. स्थलांतर जोवर चालू आहे, तोवर या जातीच्या शाळांची गरज डहाणू, तलासरी, जव्हार आणि मोखाड्याच्या प्रत्येक पाड्याला राहणार आहे.