नागरिकांचे प्राणरक्षण आणि सैनिकांचा शौर्यगौरव

देगलूर शहरालगतून वाहणारी लेंडी ही मांजरेची उपनदी होय. ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्या वरच्या अंगास, शेजारच्या मुखेड तालुक्यात, एका रात्रीच्या अतिवृष्टीने रावणगाव, हसनाळ आदी गावांस पाण्याचा वेढा पडला आणि १८ ऑगस्ट रोजी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या जोडीस लष्कराचे पथक पाचारण करावे लागले. पुष्कळ ग्रामस्थ सुखरूप बाहेर काढण्यात आले. हसनाळ येथे काहींचे प्राण मात्र वाचू शकले नाहीत. अशा कार्याची नोंद राज्यसंस्था कोणत्या सदरात करते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर केवळ धैर्याच्या मापाने मिळत नाही. ते ‘शत्रू’ आणि ‘कर्तव्य’ या दोन शब्दांच्या व्याख्येत दडलेले आहे.

ब्रिटिश अमदानीतच या व्याख्येची ओढाताण सुरू झाली होती. १८५८ च्या एका आज्ञापत्रान्वये व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक शत्रू समोर नसतानाही देता येऊ लागले आणि १८६७ साली अंदमान बेटांपाशी खवळलेल्या लाटांतून सहकाऱ्यांस सोडवून आणणाऱ्या पाच जणांस ते मिळाले. पुढे १८८१ मध्ये ही सवलत काढून घेण्यात आली. हिंदी सैनिकांस तर १९११ पर्यंत या पदकाचा अधिकारच नव्हता, तेव्हा त्यांच्या दृष्टीने हा सारा वाद परकाच म्हणावयाचा.

स्वतंत्र भारताने रणांगणावरील व रणांगणाबाहेरील शौर्य यांचे दोन वेगळे प्रवाह केले. परमवीर चक्र व त्यासोबतची पदके शत्रूसमोरील पराक्रमासाठी. जानेवारी १९५२ मध्ये निर्माण झालेली, परंतु १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरलेली अशोक चक्राची मालिका अन्य प्रसंगांतील शौर्यासाठी. प्रथम या मालिकेत एक, दोन व तीन असे वर्ग होते. १९६७ मध्ये त्यांस अशोक चक्र, कीर्ती चक्र व शौर्य चक्र ही नावे प्राप्त झाली. या रचनेचे एक लक्षणीय उदाहरण मराठवाड्याच्याच भूमीवर घडले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद कारवाईच्या पहिल्या दिवशी नळदुर्ग येथे शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तर सिंग धारातीर्थी पडले. त्यांस अशोक चक्र लाभले, परमवीर चक्र नव्हे. लढाई खरीच होती, गोळ्याही खऱ्याच होत्या. परंतु निजामाची फौज कायद्याच्या दृष्टीने ‘शत्रू’ नव्हती. तेव्हा देगलूरही निजामाच्याच राज्यात होते. पदकाची जात कृत्यावरून नव्हे, तर समोर उभा असलेला कोण मानला गेला यावरून ठरते, हे येथे स्पष्ट दिसते.

पूर, आग वा भूकंप यांत तर समोर कोणीच उभा नसतो. मग दुसरा शब्द पुढे येतो, तो ‘कर्तव्य’. १९६१ मध्ये अशोक चक्राच्या मालिकेतूनच जीवन रक्षा पदकाची शाखा निघाली. बुडणाऱ्यास वा आगीत सापडलेल्यास वाचविणाऱ्या कोणासही ते मिळू शकते. तथापि सैन्य, पोलीस व अग्निशमन दलांतील व्यक्तींस केवळ कर्तव्यावर नसतानाच्या कृत्यासाठीच ते देता येते. रजेवर गावी आलेल्या जवानाने लेंडीच्या पुरात उडी घेतली तर तो या पदकास पात्र. तोच जवान पथकासह नावेतून आला तर अपात्र. नियमाचे तर्कशास्त्र समजण्याजोगे आहे, कारण ज्यासाठी वेतन मिळते त्यासाठी बक्षीस कसले, असा आक्षेप येऊ शकतो. परंतु पाण्याचा ओढा रजेचा कागद पाहत नाही.

कर्तव्यावरील सैनिकास अशोक चक्राची मालिका व सेनापदकांसारखी पदके खुली आहेत, आणि ती केवळ बंदुकीसमोरच दिली जातात असे नव्हे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकी १८६ जणांस नौदलाने वाचविले. या बचावकार्यातील ‘कोची’ या युद्धनौकेचे कप्तान सचिन रूबेन सिक्वेरा यांस त्याच वर्षी शौर्य चक्र जाहीर झाले. येथे एक नौका होती, एक कप्तान होता आणि वाचलेल्यांची मोजदाद करता येत होती. प्रशस्तिपत्रास नेमके हेच लागते.

याच्या उलट पानशेतचा प्रसंग पाहावा. ११ जुलै १९६१ च्या रात्री खचत चाललेल्या बांधावर लष्कराचे जवान वाळूची पोती रचीत होते. धरण अखेर १२ जुलैच्या सकाळी फुटले. परंतु ते रात्रीच्या अंधारात, पुणे निजलेले असताना फुटले असते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. त्या पोत्यांनी मिळवून दिलेल्या काही तासांत किती माणसे वाचली? त्यांतील एकाचाही हात कोणा जवानाने धरलेला नाही. ज्याचा प्राण वाचला त्यास आपण वाचविले गेलो हेही कदाचित ठाऊक नसेल. असे ऋण पदकाच्या नोंदवहीत कोणत्या नावावर लिहावयाचे, याचे उत्तर १९६१ ची रचना देत नाही. त्यानंतरच्या फेरबदलांनीही ते दिलेले नाही.

किल्लारीने हा प्रश्न आणखी अवघड केला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. दगडमातीच्या रुंद भिंती व माळवदांचा भार निजलेल्यांच्या अंगावर आला होता. पावसात चिखल झालेल्या त्या ढिगाऱ्यांतून जवानांनी काही जीव बाहेर काढले. एक तान्हे मूल तर कित्येक दिवसांनी जिवंत सापडले. परंतु त्यांच्या हाती आलेले बहुतेक देह निष्प्राण होते. ते उचलावयाचे, नातलग शोधावयाचे, कोणी नसल्यास स्वतःच अग्नी द्यावयाचा, असे दिवसामागून दिवस चालले. प्राणरक्षणाच्या पदकास वाचलेला प्राण लागतो. त्या गावांतील वृद्ध मंडळी जवानांची आठवण काढतात ती मात्र बहुधा याच कामासाठी.