बाहुली, चाळिशी आणि धूसर फोटो

होल्गा नावाचा कॅमेरा कुणाच्या हातात दिला की पहिला प्रश्न ठरलेला : "हा खरा आहे?" सगळंच प्लॅस्टिक. बॉडी प्लॅस्टिकची, बहुतेक मॉडेलांत लेन्ससुद्धा प्लॅस्टिकची. १९८२ साली हाँगकाँगमध्ये हा निघाला तो चीनमधल्या साध्या घरांसाठी, स्वस्तातला फॅमिली कॅमेरा म्हणून. नाव कँटोनीज भाषेतल्या 'हो ग्वाँग'वरून पडलं, म्हणजे 'लख्ख उजेड'. उजेड लख्खच असतो, बॉडीच्या फटींमधूनही आत येतो :)

माझ्याकडे एक आहे आणि वीकेंडला मी त्याने बाहुल्यांचे फोटो काढतो. (हो, ऑफिसात चिडवून झालंय.)

तर प्रॉब्लेम असा. बार्बीची उंची साडेअकरा इंच, म्हणजे २९ सेंटिमीटर. होल्गाचा सगळ्यात जवळचा फोकस साधारण १ मीटर. लेन्स ६० मिलिमीटरची, निगेटिव्ह ५६ मिलिमीटरची चौकोनी. गणित मांडलं तर १ मीटरवर फ्रेममध्ये ८८ सेंटिमीटर मावतात. म्हणजे एक तृतीयांश बाहुली आणि बाकी आमचं डायनिंग टेबल. खेळण्यातल्या कॅमेऱ्याला खेळण्याचाच फोटो जमत नाही!

उपाय स्वस्त आहे. चाळिशीचा तयार चष्मा, नंबर प्लस ३. त्याची एक काच लेन्सपुढे चिकटवायची आणि फोकस डोंगराच्या चित्रावर ठेवायचा. आता ३३ सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट येते आणि फ्रेममध्ये ३१ सेंटिमीटर मावतात. बाहुली २९. आमच्या प्रोजेक्टचे एस्टिमेट इतके जुळले असते तर! फक्त व्ह्यूफाइंडरवर विसंबू नका. तो लेन्सच्या वर बसतो आणि इतक्या जवळून बाहुलीचं डोकं उडवतो. अंतर सुतळीने मोजलेलं बरं.

फोटो येतो तो मधे बरा, कडांना वितळलेला. आणि बाहुली चक्क जिवंत वाटते. चांगला डिजिटल कॅमेरा खांद्याचा सांधा दाखवतो, केसांची ओळीने पाडलेली भोकं दाखवतो, डोळ्यांचा छापील रंग दाखवतो. होल्गा नेमकी हीच माहिती फेकून देतो. लॉसी कॉम्प्रेशनच म्हणा ना. उरलेली जागा आपला मेंदू भरतो, आणि तो तिथे प्लॅस्टिक भरत नाही, माणूस भरतो.

ही युक्ती होल्गाच्या आधीची. डेव्हिड लेविन्थल येल विद्यापीठात फोटोग्राफी शिकत होता, तेव्हा त्याने खेळण्यातले जर्मन सैनिक मांडून फोटो काढायला सुरुवात केली. बरोबर गॅरी ट्रूडो, तोच 'डून्सबरी' कार्टूनवाला. १९७७ मध्ये दोघांचं पुस्तक आलं, 'हिटलर मूव्ह्ज ईस्ट'. विषय १९४१ ते ४३ ची रशियावरची स्वारी. कॅमेरे खेळण्यातले नव्हते. धूसरपणा मुद्दाम आणलेला होता. धूर, बर्फ, अर्धवट फोकसमधला सैनिक... पहिल्या नजरेला शपथेवर सांगाल की हा कुणी वार्ताहराने जीव मुठीत धरून काढलाय.

हे असं का वाटतं? कारण युद्धाचा खरा फोटो हललेला असतो, हे आपल्याला आधीच शिकवलं गेलंय. ६ जून १९४४ ला रॉबर्ट कापाने नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर काढलेले फोटो असेच हललेले होते, आणि पुढे १९४७ मध्ये त्याने स्वतःच्या आठवणींच्या पुस्तकाला नावच दिलं 'स्लाइटली आउट ऑफ फोकस'. लेविन्थलने ती खूण तेवढी उचलली. धूसर म्हणजे खरं, ही आपली सवय त्याने प्लॅस्टिकला बहाल केली. साधारण त्याच सुमाराला, १९७६ पासून, न्यूयॉर्कमध्ये लॉरी सिमन्स बाहुलीघरातल्या स्वयंपाकघरात एकट्या बाईची बाहुली ठेवून फोटो काढत होती. युद्ध नाही, धूर नाही, तरी त्या बाहुलीकडे बघून जीव गुदमरतो.

लेविन्थल मात्र पुढे आणखी अवघड जागी गेला. १९३० च्या दशकात जर्मनीत एलास्टोलिन या ब्रँडची हिटलरची छोटी बाहुली मिळायची, सलामीसाठी हात वर होणारी. मुलं तिच्याशी खेळायची. १९९० च्या दशकात 'माइन काम्फ' या मालिकेत लेविन्थलने अशाच छोट्या आकृत्या घेऊन ज्यूंच्या हत्याकांडाची दृश्यं मांडली. फोटो २० बाय २४ इंचांच्या अवाढव्य पोलरॉइडवर. इतक्या मोठ्या कागदावरही आकृत्या धूसरच. यातना प्लॅस्टिकमध्ये दाखवायच्या का, यावर वाद घालता येईल. मला ते फोटो फार वेळ बघवत नाहीत. पण गुन्हेगार आणि बळी दोघांचेही चेहरे पुसलेले असताना मेंदू कुणाचे चेहरे भरतो, हे स्वतःवर तपासून बघा एकदा.

आणि मग २०१० मध्ये मॅटेलने बाहुलीलाच कॅमेरा केलं. 'बार्बी व्हिडिओ गर्ल'. लेन्स गळ्यातल्या हारात, स्क्रीन पाठीवर. त्याच वर्षी एफबीआयने पोलिसांना सूचना पाठवली की मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा तपास करताना ही बाहुली पुरावा म्हणून तपासा. अशा गुन्ह्याची एकही घटना नोंदलेली नव्हती. चित्र यथातथाच यायचं. जमिनीपासून वीतभर उंचीवरून काढलेलं, टेबलाचे पाय देवळाच्या खांबांसारखे, आणि वर कुठेतरी एक प्रचंड, धूसर चेहरा : आपला.