किनवट-माहूरची मिश्र पानगळी वने

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर व ईशान्य भागात, पैनगंगेच्या खोऱ्यातील डोंगरउतारांवर पसरलेली सागप्रधान वने. चॅम्पियन व सेठ यांच्या १९६८ च्या वर्गीकरणानुसार ती दक्षिणी उष्णकटिबंधीय शुष्क पानगळी प्रकारात मोडतात.

हिमालयाच्या उतारांवर देवदार, चीड आणि बांज यांचे पट्टे मुख्यतः उंचीनुसार बदलतात. किनवट-माहूरचे डोंगर मात्र ठेंगणे असल्याने झाडांची वाटणी ठरते ती मातीच्या खोलीवर आणि ओलाव्यावर. माथ्यावरच्या उघड्या खडकाळ जागी सालई तग धरते. तिच्याखाली मुरमाड उतारावर साग, धावडा, तेंदू व चारोळी वाढतात, तर ओढ्याकाठच्या खोल मातीत ऐन आणि अर्जुन.

उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो व पाण्याचा खर्च वाचवतो. त्याचे कोवळे पान तळहातावर चोळले की लाल रंग उतरतो. पावसाळा सरताना काही पानांची नुसती शिरांची जाळी उरते, कारण मधला हिरवा भाग अळ्यांनी खाल्लेला असतो. या अळ्यांवर अनेक पक्षी पोसले जातात. गळालेला पाचोळा कुजून माती घडवतो, पण वणवा लागला की हे काम थांबते आणि कोवळी रोपेही जळतात. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवणे म्हणूनच घातक ठरते. तो झाडून घेणे बरे.

गोंड, कोलाम, आंध या समाजांचा मोह, तेंदूपाने व चारोळीशी जुना संबंध आहे. नदीपलीकडे पैनगंगा अभयारण्य आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यात मात्र वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी आहे.