सामाजिक इतिहासाची साधने, आधुनिक महाराष्ट्रातील

समाजातील विविध वर्गांचे श्रम, कर्ज, शिक्षण, विवाह, जातिसंबंध, आरोग्य व राहणीमान यांत कालपरत्वे झालेल्या बदलांचा शोध म्हणजे सामाजिक इतिहास होय. महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या व विसाव्या शतकांच्या अशा इतिहासाची लिखित साधने मुख्यत्वे दोन ठिकाणी आढळतात : शासकीय दप्तरखाने आणि सार्वजनिक ग्रंथालये. दप्तरखान्यांत शासनाने आपल्या कामासाठी निर्माण केलेली कागदपत्रे असतात, तर ग्रंथालयांत समाजाने छापलेली व वाचलेली पुस्तके आणि नियतकालिके. ज्यांना स्वतःचे कागद लिहिता वा जपता आले नाहीत, अशा शेतकरी, कामगार, स्त्रिया व अस्पृश्य मानल्या गेलेल्या जाती यांचा माग या दोहोंची सांगड घातल्याखेरीज लागत नाही. कोणताही संग्रह योगायोगाने उभा राहत नाही. तो कोणी, कोणत्या हेतूने जपला हे ध्यानात घेऊनच त्यातील पुरावा वाचावा लागतो.

शासकीय दप्तरे : मुंबई इलाख्याचा दप्तरखाना १८२१ मध्ये स्थापन झाला. त्यातील सर्वांत जुनी कागदपत्रे सतराव्या शतकातील सुरत वखारीची असून नंतरच्या काळातील महसूल, न्याय, शिक्षण इ. खात्यांचे कागद सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहेत. पुणे येथील पेशवे दप्तर १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात आले. त्यातील बहुसंख्य कागद मोडी लिपीत असून ते रुमालांत बांधलेले आहेत. इंग्रजांनी हे दप्तर सांभाळले ते प्रामुख्याने इनामे, वतने व जमीनमहसूल यांविषयीचे दावे तपासण्यासाठी. १८५२ च्या कायद्यान्वये काम करणाऱ्या इनाम आयोगाने त्याचा मोठा उपयोग केला. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली या दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध झाले (१९३०–३४). तथापि ही निवड मुख्यतः राजकीय घडामोडींच्या दृष्टीने झाली. गावोगावचे जमाखर्च, बलुतेदारांचे हक्क, वतनाचे तंटे व करांचे हिशेब यांचा फार मोठा भाग अप्रकाशित राहिला, आणि सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला नेमके तेच कागद हवे असतात. मोडी वाचणाऱ्यांची संख्या घटल्याने हे रुमाल उपलब्ध असूनही अनेकांना दुर्बोध ठरतात.

शासनाने छापलेल्या साधनांत १८७२ पासूनच्या जनगणना व जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली तयार झालेले मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर यांचा समावेश होतो. त्यांतून व्यवसाय, वस्ती, साक्षरता व चालीरीती यांची विपुल माहिती मिळते. मात्र जातींची जी चौकट शासनाने आखली, तीतच प्रत्येकाला बसवले गेले. त्यामुळे ही साधने समाजाप्रमाणेच शासनाच्या समाजविषयक कल्पनांचेही चित्र देतात.

दख्खनचे दंगे : १८७५ चे दख्खनमधील दंगे हे या साधनांचे बलस्थान व मर्यादा या दोहोंचे उत्तम उदाहरण होय. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने यांवर हल्ला केला. हे लोण लवकरच पुणे व तत्कालीन अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. दंगेखोरांचा मुख्य रोख कर्जरोखे, हिशेबाच्या वह्या व न्यायालयीन हुकूमनामे मिळवून ते जाळण्यावर होता. ज्या सावकाराने कागद निमूटपणे हवाली केले, त्याला सहसा इजा झाली नाही.

यामागील कारणे अनेक होती. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले व कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव उतरले. त्याच सुमारास काही तालुक्यांत फेरजमाबंदीमुळे साराही वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जवसुलीच्या दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. परंतु मुदत संपत आली, की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. निरक्षर कुणबी त्याखाली नांगराची निशाणी करी. आपण कशावर निशाणी केली हे त्याला वाचता येत नसे, पण न्यायालयात पुरावा म्हणून उभा राही तो तोच कागद. शेतकऱ्यांचा राग कागदावर का उतरला, याचे उत्तर यातच आहे.

दंग्यांच्या चौकशीसाठी शासनाने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७६ मध्ये सादर झाला. त्याच्या परिशिष्टांत साक्षी व ऋणकोंच्या प्रकरणांचा तपशील आहे. जो कागद शेतकऱ्यांनी नष्ट करू पाहिला, त्याच जातीच्या कागदांमुळे त्यांच्या जीवनाची माहिती आज मिळू शकते. आयोगाचे प्रश्न मात्र कर्ज, सारा व शांतताभंग यांभोवती फिरतात. घरातील स्त्रियांचे श्रम, गावातील भूमिहीन जातींची स्थिती, दंग्यापूर्वी शेतकऱ्यांत झालेली खलबते यांविषयी त्यात अल्पच आढळते, कारण ते विचारलेच गेले नाही. ही उणीव काही अंशी इतर साधनांनी भरून निघते. पुणे सार्वजनिक सभेने (स्थापना १८७०) दंग्यांपूर्वीच शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी केली होती. जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात सारावाढ, नोकरशाही व पुरोहितवर्ग यांचा एकत्रित विचार करून हा प्रश्न शेतकऱ्याच्या बाजूने मांडला. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्यांचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर करण्याची तरतूद केली. म्हणजे कागदावरील रागाला शासनाने अधिक कागदांनीच उत्तर दिले. एवढा पुरावा असूनही दंग्यांच्या अर्थाविषयी एकमत नाही. रवींदर कुमार (१९६८) यांनी ग्रामीण समाजातील बदललेल्या सत्तासंबंधांवर भर दिला, तर नील चार्ल्सवर्थ (१९७२) यांच्या मते दंग्यांचे महत्त्व अतिरंजित करण्यात आले.

ग्रंथालये व नियतकालिके : बाळशास्त्री जांभेकरांच्या दर्पण (१८३२) पासून मराठी नियतकालिकांची परंपरा सुरू होते. ठाण्याचे (१८९३) व मुंबईचे (१८९८) मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या संस्थांनी लोकवर्गणीतून असे साहित्य जमवले. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणीविषयक कायद्याने छापलेल्या पुस्तकांच्या प्रती शासनाकडे देणे बंधनकारक झाले व त्यांच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या. शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची हीदेखील या क्षेत्रातील एक आधारभूत कृती होय.

देशी वृत्तपत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा शासन आपल्या अधिकाऱ्यांसाठी नियमितपणे छापत असे. हेतू पाळतीचा होता; परंतु ज्या पत्रांचे अंक नष्ट झाले, त्यांचा काही आशय या गोषवाऱ्यांमुळेच टिकला. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये सुरू केलेले व पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईहून चालवलेले दीनबंधू हे याचे ठळक उदाहरण होय. त्याचे सलग अंक आज मिळत नाहीत. लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये सु. ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज कारखाना आयोगाकडे गेला. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, ठरल्या मुदतीत पगार व अपघाताची भरपाई या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. गिरणीतील कामाचा दिवस कसा होता, हे या मागण्यांवरून उलगडते.

स्त्रियांच्या इतिहासाबाबत ग्रंथालयांचे कार्य अधिक निर्णायक ठरले आहे. फुले दांपत्याच्या शाळेतील मांग जातीची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय पत्रात छापला गेला. अस्पृश्य स्त्रियांना बाळंतपणाच्या वेळी डोक्यावर छप्परही नसते, हे तिने त्यात लिहिले. तत्कालीन शासकीय कागदांत असा अनुभव क्वचितच आढळतो. ताराबाई शिंदे यांचा स्त्रीपुरुषतुलना हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला, नंतर विस्मृतीत गेला आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुनःप्रकाशित केल्यावर त्याचे महत्त्व सर्वमान्य झाले. जुनी प्रत कोठेतरी जपली गेली, म्हणूनच हे शक्य झाले. रखमाबाईच्या खटल्यात (१८८४–८८) न्यायालयाच्या कागदांत पतीच्या हक्काचा कायदेशीर प्रश्न दिसतो. बालविवाहाने मुलीचे शिक्षण कसे खुंटते, हे मात्र तिने टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियाला लिहिलेल्या पत्रांतून कळते.

जतन व मर्यादा : जुना चिंध्यांपासून केलेला हातकागद दीर्घकाळ टिकतो. याउलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रचारात आलेला लाकडाच्या लगद्याचा कागद त्यातील आम्लामुळे पिवळा व ठिसूळ होतो. त्यामुळे पेशवाईतील हिशेबापेक्षा विसाव्या शतकातील वृत्तपत्रच आधी नष्ट होण्याचा धोका असतो. दमट हवा, वाळवी व कसर यांची त्यात भर पडते. सूक्ष्मपट व संगणकीय प्रतिमा यांमुळे मूळ कागदाची हाताळणी कमी होते. परंतु प्रतिमा कशाच्या घ्यायच्या याचीही निवडच करावी लागते आणि प्रसिद्ध व्यक्तींचे कागद बहुधा अग्रक्रमाने घेतले जातात. शासकीय कार्यालयांत कागदांचे वर्गीकरण करून काही कायम ठेवतात व काही ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात. धोरणविषयक निर्णय टिकतात, पण सामान्य माणसाचे अर्ज व तक्रारी बहुधा अल्पमुदतीच्या वर्गांत जातात. केंद्र शासनाच्या कागदांच्या जतनासाठी १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम अस्तित्वात आहे. छोटी ग्रंथालये, कामगार संघटना, सहकारी संस्था व कुटुंबे यांच्याकडील कागद मात्र त्यांच्या धारकांच्या आस्थेवरच अवलंबून आहेत.

जेथे कागद नाहीत, तेथे मौखिक साधनांचा आधार घ्यावा लागतो. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील गिरणी उद्योग ओसरत गेला, तेव्हा मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातील रहिवाशांच्या आठवणी संकलित करून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या (२००४). अशा आठवणींतही विसर व पश्चात्बुद्धी असतेच, म्हणून त्या कागदांशी ताडून पाहाव्या लागतात. दप्तर, छापील पान व आठवण यांपैकी कोणतेही एक साधन स्वयंपूर्ण नाही. त्यांच्यातील विसंगती हीदेखील समाजातील विषम संबंधांची खूण असते आणि ती नोंदवणे हे सामाजिक इतिहासकाराचे एक प्रमुख कार्य होय.