गिलावा, ऐतिहासिक वास्तूंचा

दगडी वा विटांच्या भिंतीवर बाहेरून दिलेला चुना व वाळू यांचा लेप. ऊन-पावसाचा मारा तो स्वतःवर घेतो. त्यामुळे भिंतीच्या आधी त्याने झिजणे हे त्याचे कार्यच होय. तरीही जीर्णोद्धाराच्या वेळी झिजलेला गिलावा सरसकट खरवडून दगड उघडा करण्याची प्रवृत्ती जुनी आहे. इंग्लंडमध्ये अशा खरवडण्याविरुद्ध विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली.

या प्रवृत्तीचे परिणाम जुने गोवे येथील बॉम जेझूस बॅसिलिकेत स्पष्ट दिसतात. १५९४ मध्ये पायाभरणी होऊन १६०५ मध्ये अभिषिक्त झालेल्या या चर्चच्या भिंती मुख्यतः जांभा दगडाच्या असून त्यांवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या सुमारास पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रू यांच्या देखरेखीखाली बाहेरील बहुतेक गिलावा काढण्यात आला. तांबूस दगडी भिंती हेच वास्तूचे मूळ रूप, असा प्रेक्षकांचा समज होतो. वस्तुतः ते विसाव्या शतकातील आहे. सच्छिद्र जांभा पावसाळ्यात पाणी शोषतो व त्याचा पृष्ठभाग भुसभुशीत होऊन झडतो. गिलावा पुन्हा द्यावा, अशी मागणी २०२० मध्ये चर्चच्या प्रमुखांनी केली. जवळच्याच से कॅथीड्रलच्या भिंती मात्र गिलाव्याखाली झाकलेल्या आहेत.

परीक्षणात प्रथम ओलीचे मूळ शोधतात. गळके छप्पर, तुंबलेली पन्हळ किंवा पायाशी वाढलेली मातीची भर दूर केल्याशिवाय नवा गिलावा टिकत नाही. पूर्वीच्या डागडुजीतील सिमेंटची ठिगळे विशेष घातक ठरतात. त्यांमागे ओल कोंडते आणि कडेच्या चुन्याला लोणा लागतो. नंतर भिंतीवर हलके ठोकून पोकळ आवाज येणाऱ्या जागा दर्शनी आराखड्यावर नोंदवितात. पोकळ वाजणारा प्रत्येक भाग पाडण्याजोगा नसतो. सुटलेला थर चुन्याचे पातळ मिश्रण आत सोडून पुन्हा चिकटविता येतो.

नमुना सौम्य अम्लात टाकल्यास चुना विरघळून वाळू उरते व तिचा रंग, कण आणि प्रमाण कळते. किनारी प्रदेशात मात्र हे प्रमाण फसवे असते : वाळूतील शिंपल्यांचे तुकडेही विरघळतात आणि चुना प्रत्यक्षाहून अधिक भासतो. अशा वेळी नमुन्याचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आवश्यक ठरते.